वाचक विचारतात: सी भाषा, मॅक्रो आणि कंपायलरची खास अ‍ॅट्रिब्यूट्स

या वेळचे प्रश्न मायक्रोकंट्रोलरच्या सी प्रोग्रॅमिंगमधले आहेत. मॅक्रो म्हणजे कम्पाइल होण्याआधी ठरलेल्या मजकुरात उलगडणारं नाव, आणि अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे फंक्शन किंवा व्हेरिएबलबद्दल कंपायलरला दिलेली खास सूचना. कोडमधली नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, लहान-मोठ्या अक्षरांचं भान ठेवून लिहावीत.

आमचा सगळा कोड जीसीसी या कंपायलरवर लिहिलेला आहे. आता तो आयएआर आणि आर्म कंपायलर ६ वरही चालवायचा आहे. जागोजागी थेट ‘__अ‍ॅट्रिब्यूट__’ लिहिलंय, ते एका हेडरमध्ये मॅक्रो करून गोळा करतोय. अनोळखी कंपायलर आला तर हे मॅक्रो रिकामे ठेवावेत, म्हणजे निदान कम्पाइल तरी होईल, असं सहकाऱ्याचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे का?
— फर्मवेअर अभियंता, पुणे

अर्ध्या मॅक्रोंपुरतं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यांसाठी मात्र धोक्याचं आहे, कारण कम्पाइल होईल, लिंक होईल आणि बोर्ड चुकीचं वागेल.

आधी प्रत्येक मॅक्रोला एकच प्रश्न विचारा: हा गळून पडला तर प्रोग्रॅमचा अर्थ बदलतो का? ‘अनयूझ्ड’, ‘कोल्ड’, ‘डेप्रिकेटेड’, ‘प्रिंटएफ’चा फॉरमॅट तपासणारं ‘फॉरमॅट’, शाखेचा अंदाज देणारं ‘__बिल्टिन_एक्स्पेक्ट’ ही सगळी सूचनावजा आहेत. ती नसली तर एखादी वॉर्निंग कमी-जास्त होईल, वेग थोडा घटेल. यांचे मॅक्रो खुशाल रिकामे ठेवा. ‘पॅक्ड’, ‘अलाइन्ड’, ‘सेक्शन’, ‘वीक’, ‘नेकेड’, ‘इंटरप्ट’ यांचं तसं नाही. हे गळले तर स्ट्रक्टचा आकार बदलतो, व्हेरिएबलचा पत्ता बदलतो, फंक्शनची सुरुवात आणि शेवट बदलतो. यांच्या शेवटच्या ‘एल्स’मध्ये ‘#एरर’च हवा.

‘ऑलवेज_इनलाइन’ या दोन्हींच्या मधे बसतं. एरवी ती केवळ वेगासाठीची सूचना. पण फ्लॅश पुसत असताना रॅममधून चालणाऱ्या फंक्शनने एखादा छोटा मदतनीस बोलावला आणि तो इनलाइन झाला नाही, तर त्याची प्रत फ्लॅशमध्ये पडते. फ्लॅश त्या वेळी पुसण्यात गुंतलेली असते. चिप कशी आहे त्यावर प्रोसेसर एकतर तिथे अडकून राहतो, नाहीतर फॉल्ट येतो. अशा जागी हे अ‍ॅट्रिब्यूट ‘अर्थ बदलणाऱ्यां’त धरा. वर्गवारी नावावरून नको, वापरावरून करा.

कंपायलर ओळखताना क्रम चुकला तर सगळंच चुकतं. क्लँग हा कंपायलर स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो: ‘__जीएनयूसी__’ ४, मायनर २, पॅचलेव्हल १. आर्म कंपायलर ६ मुळात क्लँगच असल्यामुळे तिथे ‘__क्लँग__’ही दिसतो. जुना आर्मसीसी ५ ‘--जीएनयू’ पर्यायाने चालवला की तोही ‘__जीएनयूसी__’ दाखवतो. म्हणून विशिष्ट नावं आधी, सर्वसाधारण नाव शेवटी: प्रथम ‘__आयसीसीएआरएम__’, मग ‘__एआरएमसीसी_व्हर्जन’, मग ‘__क्लँग__’, आणि सर्वांत शेवटी ‘__जीएनयूसी__’. व्हर्जनचा आकडा ६०१००५० किंवा त्याहून मोठा असेल तर तो आर्म कंपायलर ६, लहान असेल तर ५. सीएमएसआयएस या आर्मच्या प्रमाण हेडर-संचातलं कंपायलर हेडरही हाच आकडा तपासतं आणि ओळख पटली नाही तर शेवटी ‘अननोन कंपायलर’ असा एरर देऊन थांबतं. प्रोसेसर कॉर्टेक्स-एम (मायक्रोकंट्रोलरसाठीचा आर्मचा) असेल तर त्यातलेच ‘__पॅक्ड’, ‘__वीक’, ‘__अलाइन्ड(एक्स)’ हे मॅक्रो घ्या. नवी मोट बांधायची गरज नाही.

‘__हॅज_अ‍ॅट्रिब्यूट’ क्लँगमध्ये आहे आणि जीसीसीत आवृत्ती ५ पासून. पण ‘डिफाइन्ड’ची तपासणी आणि त्याचा वापर एकाच ‘#इफ’ ओळीत ‘&&’ लावून लिहू नका. प्रीप्रोसेसर अनोळखी नावाच्या जागी ० ठेवतो आणि पुढचा कंस तसाच उरतो. डावी बाजू खोटी असली तरी संपूर्ण ओळ व्याकरणात बसावीच लागते, त्यामुळे जुना कंपायलर तिथेच अडतो. एक ‘#इफडेफ’, त्याच्या आत दुसरा ‘#इफ’, असंच लिहायला हवं.

आणखी दोन सवयी लावून घ्या. हेडरमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचं नाव ‘पॅक्ड’ असं उघडं न लिहिता ‘__पॅक्ड__’ लिहा. कुणी आपल्या कोडमध्ये ‘पॅक्ड’ नावाचा मॅक्रो केलेला असला तरी तुमचं हेडर मोडणार नाही. आणि अ‍ॅट्रिब्यूटच्या नावात स्पेलिंग चुकलं तर जीसीसी फक्त वॉर्निंग देऊन पुढे जातो, म्हणून बिल्डमध्ये ‘-डब्ल्यूएरर=अ‍ॅट्रिब्यूट्स’ टाका. कंपायलर कोणते मॅक्रो स्वतःहून देतो हे पाहायचं असेल तर रिकामी फाइल ‘-डीएम -ई’ पर्यायांनी चालवा, संपूर्ण यादी छापून येते. यात डी लहान, एम आणि ई मोठे.

सीरियल फ्रेमसाठी पॅक्ड (मधे भरीचे बाइट नसलेला) स्ट्रक्ट केला आहे: १ बाइट प्रकार, ४ बाइट मूल्य, २ बाइट सीआरसी (चूक तपासण्याचा आकडा). कॉर्टेक्स-एम४ वर महिनोन्महिने चालला. तोच कोड कॉर्टेक्स-एम०+ वर टाकला तर पहिल्याच फ्रेमला हार्डफॉल्ट (प्रोसेसरची गंभीर त्रुटी) येतो. ‘पॅक्ड’ लागू झालेलं आहे, आकार ७ च येतो. मग बिघडतंय कुठे?
— वाचक, नाशिक

स्ट्रक्ट ठीक आहे. तुम्ही कुठेतरी ‘&फ्रेम.मूल्य’ असा पत्ता काढून तो साध्या ‘यूइंट३२_टी *’ पॉइंटरमध्ये ठेवला असणार.

‘पॅक्ड’ नसतं तर याच स्ट्रक्टचा आकार १२ आला असता: प्रकारानंतर ३ बाइट भर आणि शेवटी २. पॅक्ड केल्यावर मूल्य ऑफसेट १ वर येतं. ‘फ्रेम.मूल्य’ असं थेट वाचलं की कंपायलरला ही जागा ४ ने भाग न जाणारी असू शकते हे माहीत असतं, म्हणून एम०+ वर तो एकेक बाइट उचलून जोडतो. पत्ता काढून पॉइंटरमध्ये ठेवला की ती माहिती हरवते. पुढचं फंक्शन सरळ एक एलडीआर (मेमरीतून ४ बाइट एकदम वाचणारी) सूचना टाकतं. कॉर्टेक्स-एम० आणि एम०+ अशा पत्त्यावरचं एलडीआर स्वीकारतच नाहीत, थेट हार्डफॉल्ट.

एम४ वर चाललं म्हणजे तिथे कोड बरोबर होता असं समजू नका. एम३, एम४ वर साधं एलडीआर ४ ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरही चालतं, पण एकाहून जास्त शब्द वाचणारं एलडीआरडी, एलडीएम आणि फ्लोटसाठीचं व्हीएलडीआर चालत नाही. ‘-ओ२’ (वेग वाढवणारा पर्याय) लावल्यावर लागोपाठची दोन ३२ बिटी वाचनं कंपायलर एका एलडीआरडीत मिळवू शकतो. डीबग बिल्ड चालते, रिलीज कोसळते, ती अशाने. तिथे फॉल्टचं कारण सांगणाऱ्या सीएफएसआर रजिस्टरमधला बिट २४ लागलेला दिसेल. एम०+ ला हे रजिस्टरच नाही, तिथे फक्त हार्डफॉल्ट.

उपाय दोन. मूल्य आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि त्याचा पत्ता द्या. किंवा ‘मेमसीपीवाय’ने कॉपी करा; ४ बाइटांचं मेमसीपीवाय कंपायलर बहुधा आतच सोडवतो, फंक्शन कॉल होत नाही. जीसीसी ९ पासून पॅक्ड सदस्याचा पत्ता घेतल्यास आपोआप वॉर्निंग येते. ती दाबून टाकण्यासाठी कास्ट लावण्याचा मोह होतो, तेवढा टाळा.

एम४ वरच हे पकडायचं असेल तर चाचणी बिल्डमध्ये सीसीआर रजिस्टरचा बिट ३ लावा. मग २ किंवा ४ बाइटांचं जे वाचन त्या आकाराने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून होतं, त्या प्रत्येकाला फॉल्ट येतो. सोबत ‘-एमनो-अनअलाइन्ड-अ‍ॅक्सेस’ हा पर्याय द्या, नाहीतर पॅक्ड स्ट्रक्टचं रीतसर वाचनही त्यात अडकेल. तयार लायब्ररीतलं मेमसीपीवाय तरीही अडखळू शकतं, म्हणून फॉल्टच्या वेळचा पीसी (प्रोग्रॅम काउंटर) पाहून तो कोड आपला की लायब्ररीचा हे ठरवा.

‘पॅक्ड’ कुठे लिहिता यालाही महत्त्व आहे. टाइपडेफमध्ये ते बंद होणाऱ्या महिरपी कंसाला लागून, नावाच्या आधी लिहा. नावानंतर लिहिलं तर जीसीसी वॉर्निंग देऊन ते सोडून देतो. बाहेरचा स्ट्रक्ट पॅक्ड केला म्हणून आतला स्ट्रक्ट पॅक होत नाही, त्याची भर तशीच राहते. संगणकाच्या बाजूला मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर तिथे ‘#प्रॅग्मा पॅक(पुश, १)’ लागतं. त्याचा ‘पॉप’ हेडरमध्ये राहून गेला तर नंतर इन्क्लूड केलेले सगळे स्ट्रक्ट पॅक होतात, आणि ही चूक शोधताना घाम फुटतो. दोन्ही बाजूंना ‘_स्टॅटिक_असर्ट’ने आकार ७ आणि ‘ऑफसेटऑफ’ने मूल्याची जागा १ तपासा. दोनच ओळी, पण चूक बोर्डावर जाण्याआधी बिल्डमध्येच थांबते.

खरं तर बाहेर जाणाऱ्या फ्रेमसाठी बाइट शिफ्ट करून जोडणं-सोडणं हेच आम्हाला जास्त पसंत आहे. कोड चार ओळी वाढतो, पण बाइटांच्या क्रमाचा प्रश्नही त्यातच सुटतो आणि कोणतंही अ‍ॅट्रिब्यूट लागत नाही.

आम्ही ड्रायव्हर्सची स्टॅटिक लायब्ररी केली. यूएसएआरटी२ या सीरियल पोर्टचा इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) तिच्यात आहे, नाव अचूक आहे. तरी इंटरप्ट आला की प्रोग्रॅम डीफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये जातो. शिवाय डीबगर तिथे वॉचडॉगच्या (प्रोग्रॅम अडकला तर रीसेट करणाऱ्या टाइमरच्या) हँडलरचं नाव दाखवतो. वॉचडॉग तर आम्ही सुरूही केलेला नाही.
— वाचक, ठाणे

वॉचडॉगचं नाव विसरा. स्टार्टअप फाइलमध्ये (मेनच्या आधीचा कोड) सगळे हँडलर ‘वीक’ (दुसरी व्याख्या मिळाली तर माघार घेणारे) आणि एकाच डीफॉल्ट हँडलरचे ‘एलिअस’ (पर्यायी नावं) असतात. म्हणजे एकाच पत्त्याला डझनावारी नावं, आणि डीबगर त्यातलं कुठलंही एक दाखवतो. खरा इंटरप्ट कोणता ते आयपीएसआर रजिस्टर सांगतं: त्यातून १६ वजा करा. एसटीएम३२एफ४ वर यूएसएआरटी२ चा क्रमांक ३८, तेव्हा तिथे ५४ दिसायला हवं.

आता मूळ दुखणं. लिंकर (ऑब्जेक्ट फाइल जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणारं साधन) लायब्ररीतली ऑब्जेक्ट फाइल बाहेर काढतो ती एखादं नाव अजून अपरिभाषित असेल तरच. स्टार्टअपमधली वीक व्याख्या ही व्याख्याच मानली जाते. नाव आधीच सापडलेलं, मग लिंकर लायब्ररीत ते शोधायला जातच नाही, आणि तुमची बळकट व्याख्या त्याच्या नजरेस पडत नाही. तीच फाइल सरळ ऑब्जेक्ट म्हणून दिली असती तर वीक हरला असता.

इथे गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. हँडलर असलेल्याच सी फाइलमध्ये ‘यूएआरटी_इनिट’ असेल आणि मेन ते बोलावत असेल, तर त्या निमित्ताने फाइल बाहेर येते आणि हँडलरही जागेवर बसतो. म्हणून काही ड्रायव्हर चालतात, काही नाही. फाइलची विभागणी बदलली की चालणारा ड्रायव्हर बंद पडतो, कोडची एक ओळही न बदलता.

हँडलर असलेल्या फाइल ऑब्जेक्ट म्हणूनच लिंक करा. सीमेक या बिल्डच्या साधनात त्यासाठी ऑब्जेक्ट लायब्ररी आहे. किंवा त्या लायब्ररीभोवती ‘--होल-आर्काइव्ह’ आणि ‘--नो-होल-आर्काइव्ह’ लावा. ‘-यू’ पर्यायाने हँडलरचंच नाव मागून मात्र साधारणपणे काही होत नाही, कारण स्टार्टअपची वीक व्याख्या ती मागणी आधीच पुरी करते. शेवटी अंतिम ईएलएफवर (लिंकरने बनवलेल्या फाइलवर) ‘एनएम’ हे नावांची यादी छापणारं साधन चालवा. हँडलरसमोर ‘डब्ल्यू’ दिसला तर वीकच राहिलाय, ‘टी’ दिसला तर तुमचा बसला. फाइल सी++ ची असेल तर ‘एक्स्टर्न सी’ राहिलंय का तेही बघा. लक्षण अगदी हेच असतं.

रीसेटनंतरही टिकणारी क्रॅशची नोंद ठेवायला ‘.क्रॅशलॉग’ नावाचा सेक्शन केला. बूटलोडरला पत्ता ठाऊक असावा म्हणून लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीत काय कुठे ठेवायचं ते सांगणारी फाइल) तो रॅमच्या अगदी सुरुवातीला, ‘.डेटा’च्या आधी ठेवला. आता बिन फाइल ३८४ एमबीची झाली! चिपची फ्लॅश ५१२ केबी आहे.
— वाचक, कोल्हापूर

आकड्यातच उत्तर आहे. फ्लॅश हेक्स ०८०००००० वर सुरू होते, रॅम हेक्स २००००००० वर. दोहोंतला फरक ४०,२६,५३,१८४ बाइट, म्हणजे बरोबर ३८४ एमबी. ‘सेक्शन’ अ‍ॅट्रिब्यूटने आपल्या मनाचं नाव दिलं की व्हेरिएबलला सुरुवातीचं मूल्य नसलं तरी कंपायलर त्या सेक्शनला ‘यात लिहायचा डेटा आहे’ असं धरतो. लिंकरने त्याचा लोड पत्ता रॅममधलाच ठेवला, आणि बिन फाइल बनवणाऱ्या ऑब्जकॉपीने फ्लॅशपासून रॅमपर्यंतची पोकळी इमाने-इतबारे भरून काढली.

स्क्रिप्टमध्ये सेक्शनच्या नावापुढे कंसात ‘नोलोड’ लिहा. तो ‘.बीएसएस’ या सुरुवातीला शून्य केल्या जाणाऱ्या सेक्शनच्या सुरुवात-शेवट चिन्हांच्या बाहेरच राहू द्या, नाहीतर स्टार्टअपचा लूप नोंद शून्य करेल. ‘.बीएसएस.’ने सुरू होणारं नाव देण्याची युक्ती काही जण करतात. फाइल लहान होते, पण बहुतेक स्क्रिप्टमध्ये ते नाव ‘.बीएसएस’मध्येच ओढलं जातं आणि नोंद पुसली जाते. जीसीसी १० पासून ‘नोइनिट’ हे स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट आहे. ते वापरलंत तरी स्क्रिप्टमध्ये ‘.नोइनिट’ला जागा द्यावीच लागते.

वीज नव्याने आल्यावर त्या जागी कचरा असतो. म्हणून नोंदीच्या सुरुवातीला ठरलेला ३२ बिटी आकडा आणि शेवटी सीआरसी ठेवा, दोन्ही जुळले तरच नोंद खरी माना. चिपच्या रॅमला ईसीसी (मेमरीतली चूक ओळखण्याची सोय) असेल तर न लिहिलेली जागा वाचली तरी त्रुटी येऊ शकते. तेव्हा रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर आधी वाचा आणि वीज नव्याने आली असेल तर नोंद न वाचता आधी भरून टाका.

याच सुमारास ‘यूझ्ड’विषयीही विचारणा झाली आहे. ‘यूझ्ड’ न वापरलेली गोष्ट गाळणाऱ्या कंपायलरला थोपवतं, लिंकरच्या ‘--जीसी-सेक्शन्स’ (न वापरलेले सेक्शन गाळणारा पर्याय) ला नाही. फ्लॅशमधली आवृत्तीची स्ट्रिंग कुणी वापरत नसेल तर स्क्रिप्टमध्ये ‘कीप’ हवंच. जीसीसी ११ आणि बिनयूटिल्स २.३६ पासून ‘रिटेन’ अ‍ॅट्रिब्यूटनेही हे काम होतं.

कॉलेजात ८०५१ साठी कीलचा सी५१ कंपायलर शिकवतात. घरी लिनक्सवर एसडीसीसी हा कंपायलर आहे. ‘व्हॉइड टाइमर०(व्हॉइड) इंटरप्ट १’ आणि ‘एसबिट एलईडी = पी१^०’ या दोन्ही ओळींवर एरर येतात.
— डिप्लोमा विद्यार्थी, सांगली

दोन्ही ओळी कीलने भाषेत घातलेली भर आहेत, प्रमाण सी नव्हेत. प्रमाण सीमध्ये ‘^’ म्हणजे एक्सऑर.

एसडीसीसीत पहिली ओळ ‘व्हॉइड टाइमर०(व्हॉइड) __इंटरप्ट(१)’ अशी होते, आणि ‘यूझिंग १’ असेल तर ‘__यूझिंग(१)’. दुसरी ‘__एसबिट __अ‍ॅट(हेक्स ९०) एलईडी’. पी१ चा पत्ता हेक्स ९० आहे आणि त्याच्या शून्याव्या बिटचा पत्ताही तोच, पी१.३ साठी ९३. इंटरप्टचा क्रमांक तोच राहतो, कारण व्हेक्टरचा पत्ता ८ गुणिले क्रमांक अधिक ३ असाच असतो: टाइमर ० साठी ११, म्हणजे हेक्स ०बी.

एकच कोड दोन्हीकडे चालवायचा तर कीलसाठी ‘__सी५१__’ आणि एसडीसीसीसाठी ‘__एसडीसीसी’ तपासून मॅक्रो करा. एसडीसीसीसोबत येणाऱ्या ‘कंपायलर.एच’मध्ये ‘एसबिट’, ‘एसएफआर’, ‘इंटरप्ट’ असे मॅक्रो मोठ्या अक्षरांत तयारच आहेत.

एक खोड मात्र लक्षात ठेवा. इंटरप्टचं फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये लिहिलंत तर त्याचा प्रोटोटाइप, ‘__इंटरप्ट(१)’सकट, मेन असलेल्या फाइलमध्ये दिसायलाच हवा. एसडीसीसी व्हेक्टर टेबल त्याच फाइलसाठी बनवतो. प्रोटोटाइप नसेल तर एरर येत नाही, व्हेक्टर बसत नाही, आणि इंटरप्ट आला की प्रोग्रॅम भरकटतो.

‘-ओ२’ लावल्यावर विलंबाचा फॉर लूप गायब होतो. त्या फंक्शनला ‘ऑप्टिमाइझ(ओ०)’ लावलं की चालतं. असंच ठेवू का?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

नका ठेवू. जीसीसीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच हे अ‍ॅट्रिब्यूट फक्त डीबगिंगसाठी आहे, अंतिम कोडसाठी नाही, असं लिहिलेलं आहे. क्लँग ते ओळखत नाही. वॉर्निंग देतो आणि लूप पुन्हा गायब. लूपच्या आत रिकामी ‘एएसएम व्होलटाइल’ ओळ टाकली तर लूप टिकतो, पण विलंब क्लॉकवर आणि कंपायलरवर अवलंबून राहतोच. कॉर्टेक्स-एम३, एम४ वर डीडब्ल्यूटी या डीबगसाठीच्या भागातला सायकल काउंटर वापरा. एम० वर तो नाही, तिथे सिसटिक (प्रोसेसरमधला टाइमर) किंवा एखादा मोकळा टाइमर.

कॉर्टेक्स-एम४ च्या हँडलरला ‘इंटरप्ट’ अ‍ॅट्रिब्यूट लावावं लागतं का?
— वाचक, पणजी

नाही. इंटरप्ट येताच हार्डवेअर स्वतः आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि एक्सपीएसआर असे ८ शब्द स्टॅकवर ठेवतं, म्हणून साधं सी फंक्शन पुरतं. जुन्या एआरएम७टीडीएमआयवर ते लागायचं, आरआयएससी-व्हीवर आजही लागतं. तिथे ते राहून गेलं तर फंक्शन ‘एमरेट’ (इंटरप्टमधून परतण्याची सूचना) ऐवजी साध्या ‘रेट’ने परततं आणि वापरलेली रजिस्टरंही जपत नाही. म्हणजे पहिल्या उत्तरातल्या यादीत एकाच मॅक्रोची जागा प्रोसेसरप्रमाणे बदलते: कॉर्टेक्स-एमसाठी तो मुद्दाम रिकामा, आरआयएससी-व्हीसाठी भरलेला, आणि तिसरं काही आलं तर ‘#एरर’.